बियरचा चोथा, खोबऱ्याची पेंड, तिसऱ्यांची शिंपलं: गोव्यात कोंबड्यांचं खाद्य घरी बनवायचं असेल तर

मागच्या जूनमधे मी बियरच्या चोथ्याच्या पोत्यात हात घातला आणि पटकन बाहेर काढला. आत गरम होतं, भरलेला चहाचा कप पकडल्यासारखं. दोन दिवसांपूर्वी ओळखीतल्या एकाच्या टेंपोतून फुकट दोन पोती आणलेली, पाऊस चालू म्हणून ताडपत्रीखाली झाकून ठेवली आणि मी खूश, चला महिन्याचं खाद्य सुटलं. वास आंबट येत होता, थोडा दारूसारखा पण, तरी म्हटलं बियरचाच माल आहे, वास येणारच, आणि घातलं. तिसऱ्या दिवशी सगळ्यांची शीट पाण्यासारखी, अंडी निम्म्यावर, आणि आठवडा संपेपर्यंत चाळीसातल्या चार कोंबड्या गेल्या. चूक कोंबड्यांची नाही, चोथ्याची पण नाही. माझी.

त्याच्यानंतर जवळपास वर्षभर मी नीट वजन करून, वहीत लिहून, थोडं थोडं घालून बघितलं. आता डिचोलीतले आमच्याच आजूबाजूचे दोघंतिघं नव्याने कोंबड्या घेतायत आणि विचारतायत की हॉटेलचं, भट्टीचं, घाण्याचं उरलेलं घालू का, तर एकदाच सगळं लिहून ठेवते. हे २० ते १०० कोंबड्यांसाठी आहे, गावठी, किंवा ग्रामप्रिया, वनराजा असल्या सुधारित जातींच्या. ब्रॉयलर करणाऱ्यांनी याच्या नादाला लागू नका. ब्रॉयलरला सहा आठवड्यांत वजन करायचं असतं, त्याच्या खाद्यात चोथा वाढला की वजन कमी भरतं आणि वाचवलेले पैसे तिथेच जातात.

आधी वजनकाटा घ्या, मग पोती

अंड्यावरची, म्हणजे अंडी घालणारी एक कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते. चाळीस कोंबड्या म्हणजे दिवसाला ४.४ किलो, महिन्याला १३२ किलो. परसात सोडलेल्या असतील तर किडे-गवत खाऊन थोडं कमी लागतं पण हिशेब याच आकड्यावर धरा. कोंबडीच्या धंद्यात ६० ते ७० टक्के खर्च खाद्याचाच असतो, म्हणून तर हे सगळं. तुमच्या १३२ किलोतले ३०-३५ किलो जरी बाजूच्या मालातून निघाले तरी फरक जाणवतो, आणि सुरवातीला याच्यापेक्षा जास्तीचा हव्यास धरू नका. मका आणि सोयाबीनची पेंड पूर्ण बंद करून फक्त फुकटच्यावर कोंबड्या पोसणारे लोक मी बघितलेत, त्यांच्या कोंबड्या जगतात, पण अंडी घालत नाहीत.

आणि आठ आठवड्यांखालच्या पिल्लांना यातलं काही नको. त्यांना बाजारातलं चिक स्टार्टरच द्या, तिथे कंजूषी करू नका.

काय मिळतं आपल्याकडे

बियरचा चोथा. ब्रुअरीत बार्ली मोडवून, भिजवून त्यातली साखर काढून घेतात आणि उरतो तो हा. साखर गेली म्हणजे प्रोटीन उरतं, वाळवलेल्या चोथ्यात २० ते २५ टक्के. पण तंतू पण तेवढाच, १५ टक्क्यांच्या वर, आणि कोंबडीला गाईसारखं चार खणांचं पोट नाही, तिला तंतू पचत नाही. म्हणून शंभर किलोत ८-१० किलोच्या वर जाऊ नका. दुसरी गोष्ट, ओल्या चोथ्यात पाऊणपेक्षा जास्त पाणीच असतं, १०० किलो ओला आणला की वाळून २२-२५ किलो हातात येतो. फुकट म्हणून लांबून गाडी करून आणणाऱ्यांनी हा भागाकार आधी करावा, तुम्ही पाण्याचं भाडं भरताय.

खोबऱ्याची पेंड. माझी आवडती. गावात घाणा असेल तर ताजी मिळते, वास असा की आपल्यालाच खावीशी वाटते. प्रोटीन २० टक्क्यांच्या आसपास पण त्या प्रोटीनमधे लायसीन नावाचा घटक कमी असतो, अंड्यासाठी तो लागतोच, त्यामुळे सोबत सोया किंवा मासळी हवी. घाण्याच्या पेंडीत तेल बरंच राहतं, म्हणजे ताकद चांगली पण खवट पण लवकर होते. पावसात अर्धवट सुकलेल्या खोबऱ्याची पेंड कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊच नका, त्यात बुरशी असते.

भाताचा कोंडा. इथे आपण गोव्यातले लोक नशीबवान आहोत. सुरय म्हणजे न उकडलेल्या तांदळाच्या कोंड्यातलं तेल काही दिवसांतच खवट होतं कारण कोंड्यात एक एन्झाईम असतं जे तेल फोडत राहतं. उकड्या तांदळाचं भात आधी उकडलेलं असतं, त्या उकडण्यात ते एन्झाईम मरतं, म्हणून उकड्याचा कोंडा जास्त टिकतो. गिरणीवर गेलात की विचारा कोणत्या तांदळाचा आहे. आणि तूस मिसळलंय का ते बघा, मूठभर कोंडा पाण्यात टाका, तूस वर तरंगतं. तुसाला खाद्य म्हणून काही किंमत नाही, ते खुराड्यात खाली अंथरायचं.

मासळी. म्हापशाच्या बाजारात संध्याकाळी डोकी, पोटं, सुंगटांची (कोळंबीची) सालं ढिगाने टाकून देतात. ती आणून त्याच दिवशी २०-३० मिनिटं खळखळ उकळायची, वर आलेलं तेल काढून टाकायचं, पिळून, वाळवून, कुटायची. त्याच दिवशी म्हणजे त्याच दिवशी. बांगडा, तारली असले मासे उन्हात पडले की त्यात हिस्टामीन तयार होतं आणि ते उकळून जात नाही, मग वास गेला तरी विष राहतं. बाजारातली सुकी खारी मासळी अजिबात घालू नका, त्यात मीठ फार असतं. कोंबडीच्या पूर्ण खाद्यात मीठ अर्ध्या टक्क्याच्या आत पाहिजे, जास्त झालं की पाणी पीत सुटते, शीट पातळ होते, लहान पक्षी तर मरतातच. विकत आणलेली फिशमील (सुक्या मासळीची पूड) पण जिभेच्या टोकाला लावून बघा, लाज वाटून घेऊ नका.

मासळीचा अजून एक किस्सा. मी उत्साहाने शंभरात दहा किलो घातली होती, अंडी काय सुंदर, पिवळं बलक, मोठी. शेजारच्या काकीने दुसऱ्या दिवशी अर्धा डझन परत आणून दिली, "बाय, तुज्या तांतयांक नुस्त्याचो वास येता गो." म्हणजे अंड्यांना मासळीचा वास. तोही श्रावणात. त्यांच्या घरी महिनाभर नुस्तं बंद आणि मी अंड्यातून बांगडा पाठवलेला. तेव्हापासून चार किलोच्या वर नाही, आणि तेल नीट काढल्याशिवाय तर नाहीच.

पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा शिळा पाव. ताकद मिळते, प्रोटीन गव्हाएवढंच, वाळवून चुरा करून मक्यातला थोडा भाग बदलता येतो, शंभरात दहापर्यंत. एका पावावर हिरवा ठिपका दिसला तर फक्त तो तुकडा काढून भागत नाही, त्या पिशवीतले सगळे फेका.

काजूच्या बोंडांचा चोथा. मार्च ते मे, भट्टीवर नीरो (बोंडांचा रस) काढून झाला की ढीगच्या ढीग पडून असतात. जुन्या गोव्यात इलाला आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) जी संस्था आहे तिथे हा चोथा आणि बियरचा चोथा दोन्ही पक्ष्यांना घालून बघितलेत, म्हणजे कल्पना काही खुळी नाही. नॉर्थ गोव्याचं कृषी विज्ञान केंद्र पण त्याच आवारात आहे, शंका असेल तर तिथे जाऊन विचारता येतं. पण बोंडात टॅनिन असतं, घसा खवखवतो ना खाल्ल्यावर तेच, ते प्रोटीन पचू देत नाही. मी शंभरात पाचच्या वर घालत नाही आणि खरं सांगायचं तर हा माल डुकरं पाळणाऱ्यांना जास्त उपयोगी. काजूच्या बियांची टरफलं मात्र चुकून पण मिसळू देऊ नका, त्यातल्या तेलाने आपली बोटं सोलतात तर कोंबडीच्या आतड्याचं काय होईल.

वाळवणं, सगळ्यात मोठं काम

बाकी सगळं वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचा.

तयार कोंबडी खाद्यात ओलावा ११ टक्क्यांच्या आत असावा असं आपलं भारतीय मानक सांगतं, आणि आपल्याकडच्या हवेत नुसता उघडा ठेवलेला पापड पण दुपारपर्यंत मऊ पडतो. ओलावा राहिला की बुरशी, बुरशी आली की अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष. ते डोळ्यांना दिसत नाही, भाजून जात नाही, कोंबडीचं लिव्हर खराब करतं, अंडी कमी होतात, लसीचा पण नीट परिणाम होत नाही. मानकात मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅमची आहे, म्हणजे किती थोडं ते बघा. बदकं पाळत असाल तर दुप्पट जपा, कोंबडीला बाधतं त्याहून खूप थोडं असलं तरी त्यांना बाधतं.

तर चोथा आणला की आणल्या तासाला पसरायचा. ताडपत्रीवर दोन बोटांपेक्षा जाड थर नको. दर दोन तासांनी पंज्याने किंवा हातानेच उलटायचा, मुलांना कामाला लावा. एप्रिलच्या उन्हात दोन दिवस पुरतात, संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून घरात. तिसऱ्या दिवशी सकाळी परत पसरून चार तास, हे शेवटचे चार तास लोक टाळतात आणि तिथेच फसतात, कारण वरून वाळलेलं दिसतं आणि दाण्याच्या पोटात पाणी असतं.

वाळलं की नाही हे बघायला मीटर लागत नाही. काचेची कोरडी बाटली घ्या, जाम-लोणच्याची चालेल पण हाडासारखी कोरडी, त्यात मूठभर माल आणि दोन चमचे तव्यावर भाजलेलं कोरडं मीठ टाका, झाकण लावून दोनतीन मिनिटं हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं किंवा गुठळी झाली तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, परत उन्हात. मीठ मोकळं राहिलं तरी मी अजून एक ऊन देते, कारण आपल्याला १५ नाही, ११ पाहिजे. चाचणीचा माल फेकून द्या, मिठासकट खाद्यात टाकू नका.

पावसात? पावसात ओला चोथा आणूच नका. चुलीवर मोठ्या कढईत परतून वाळवता येतो, मी केलंय, दहा किलोला अर्धा दिवस आणि घरभर धूर, लाकडाचा हिशेब धरला तर मका स्वस्त पडतो.

साठवताना पोती जमिनीवर नाही, भिंतीला टेकून नाही, विटांवर फळ्या टाकून त्यावर. जून ते सप्टेंबर दोनतीन आठवड्यांपेक्षा जास्त माल तयार करून ठेवू नका. रोज वरून घेण्याआधी पोत्यात हात खोल घाला. गरम लागलं तर सगळं बाहेर, माझं उदाहरण वर दिलंच आहे.

मिश्रण

हे माझं सध्याचं, अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी, १०० किलोचं:

मका भरडा ४४
उकड्याचा कोंडा १३
वाळलेला बियरचा चोथा ८
खोबऱ्याची पेंड ८
सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीनची पेंड) १४
उकळून वाळवलेली मासळी ४
शिंपल्यांचा चुरा ८
मिनरल मिक्श्चर, व्हिटॅमिन आणि मीठ मिळून १

प्रोटीन कसं धरायचं ते एकदा हाताने करून बघा म्हणजे पुढे बदल करता येतात. मक्यात ९ टक्के, ४४ किलोत जवळपास ४ किलो. कोंडा १२ टक्क्यांनी दीड. चोथा २४ धरला तर १.९, पेंड २१ ने १.७, सोया ४५ ने ६.३, मासळी ५० ने २. बेरीज १७.४, अंड्यावरच्या गावठी-सुधारित कोंबडीला हे पुरेसं आहे. आता कोणी म्हणालं सोया महाग झाला, चार किलो कमी करते, तर १.८ किलो प्रोटीन गेलं, ते कुठून भरणार हे आधी लिहा मग कमी करा. चोथा वाढवून भरायचं म्हणाल तर साडेसात किलो चोथा वाढवावा लागेल आणि तंतूच्या मर्यादेवरून उडी मारून पलीकडे जाल.

मासळी थोडी जरी खारट वाटली तर वरून मीठ घालूच नका. मिनरल आणि व्हिटॅमिन पाकिटावर लिहिलंय तेवढंच, आणि एकदम ढिगात टाकायचं नाही, आधी किलोभर भरड्यात मिसळा, मग ते पाच किलोत, मग सगळ्यात, नाहीतर एका कोंबडीला सगळं आणि दुसरीला काहीच नाही.

दळायचं गिरणीवर नेणार असाल तर मासळी घरी उखळात कुटा. मी एकदा नेली होती पिठाच्या गिरणीत. गिरणवाला अजून माझे गहू सगळ्यात शेवटी घेतो.

शिंपलं

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो कारण कचऱ्यातून निघतो आणि पूर्ण काम करतो. एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं, खाद्यात नसेल तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. तिसरे, शिनाणे, खुबे, घरी खाल्ल्यावर शिंपलं टाकू नका. धुवून, दहा मिनिटं उकळून, वाळवून, जाड पोत्यात घालून दगडाने ठेचायची. पीठ करायचं नाही, भाताच्या दाण्याएवढे बरेचसे तुकडे राहू द्या. कवच रात्री तयार होतं, मोठे तुकडे कोंबडीच्या गिझर्डमधे (दाणे दळणाऱ्या पोटात) रात्रभर हळूहळू विरघळत राहतात, पीठ मात्र संध्याकाळीच निघून जातं. निखाऱ्यावर हलकं शेकलं तर ठेचायला सोपं जातं पण पांढरं फटक होईपर्यंत भाजू नका, तो चुना झाला, आपल्याकडे पूर्वी भिंतींचा चुना शिंपलं जाळूनच करायचे, चोच जळेल.

अजून अंडी सुरू न झालेल्या तलंगा आणि पिल्लांना हे मिश्रण द्यायचं नाही, एवढं कॅल्शियम त्यांच्या किडनीला बाधतं. सगळ्या एकत्रच असतील तर शिंपलं मिश्रणातून काढा आणि वेगळ्या करवंटीत ठेवा, अंड्यावरच्या कोंबड्या संध्याकाळी स्वतः येऊन खातात, बाकीच्या फारशा बघत पण नाहीत.

बदल कसा करायचा

एकदम नाही. पहिले तीन दिवस जुन्या खाद्यात पाव भाग नवीन, मग तीन दिवस अर्धं, मग तीन दिवस पाऊण, दहाव्या दिवशी पूर्ण. त्याच्याही आधी, जमलं तर दहा कोंबड्या वेगळ्या काढून दोन आठवडे त्यांनाच घाला. वहीत रोज तीन रकाने: किती घातलं, संध्याकाळी किती उरलं, अंडी किती. चौथा रकाना शीट. पातळ झाली, हिरवट झाली, नाहीतर खाणं अचानक निम्म्यावर आलं तर नवीन माल त्याच दिवशी बंद आणि जुन्यावर परत.

हॉटेलातलं उष्टं घालू का हे सगळ्यात जास्त विचारतात. नको. मसाला, मीठ, तेल हे एक, आणि त्यात चिकनचे तुकडे असतात हे दुसरं. कोंबडीला कोंबडीचं उरलेलं म्हणजे रोग हाताने आणून देणं. चिकन शॉपच्या आतड्या-पिसांचं पण तेच. भाजीची पानं, पपईची सालं, उकडलेल्या फणसाच्या बिया थोड्या, एवढं बिनधास्त चालतं. कच्चा राजमा, कच्चं सोयाबीन नाही.

आत्ता एप्रिल चालू आहे म्हणून शेवटचं. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, ६१ दिवस मासळीचा कचरा जवळपास मिळत नाही, जो मिळतो तो मांजरं सोडत नाहीत. दोन महिन्यांची मासळी मेच्या मध्यापर्यंत उकळून वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, चाळीस कोंबड्यांना महिन्याला पाच-सव्वापाच किलो लागते, त्याने हिशेब धरा. ती नाही जमली तर जूनपासून मासळीचे चार किलो काढून तीन किलो सोया जास्त आणि एक किलो मका, आणि शंभर किलोला एक किलो डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) घालायचा असतो तो वेगळा आणून ठेवा, मासळी गेली की फॉस्फरस पण जातो. ताडपत्री फाटलेली असेल तर ती पण याच महिन्यात बदला, मी आमची काल बदलली.